टोमॅटोचा पंचनामा

खोली दाखवताना जमादारांनी मला आडनाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एवढंच विचारलं, "पानी किती लागतं तुमाला?"

"दोघांपुरतं," मी म्हणालो.

"दोघंच का?"

"सध्या दोघंच."

"सध्या म्हंजी?"

बायको पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी गेलेली, हे मला सांगायचं नव्हतं. पावसानं दगा दिलेल्या त्या वर्षी लातुरात तान्ह्या बाळाचा विषय निघाला की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. बाळ आलं की लंगोट आले आणि लंगोट आले की पाणी आलं, हे घरमालकांना तोंडपाठ होतं. त्यात लातूर नुकताच जिल्हा झालेला. कचेऱ्या येत होत्या, कपाटं येत होती, त्यांच्यामागून माझ्यासारखे बिलोलीहून बदलून आलेले कारकून येत होते, आणि लोक गोठ्याला चुना फासून खोली म्हणून दाखवत होते. मी म्हणालो, "सध्या म्हणजे सध्या." माझ्या खिशात काहीतरी आहे आणि मी ते दाखवत नाही, अशा नजरेनं जमादारांनी माझ्याकडं पाहिलं. मग किल्ली दिली.

"एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. "मी शक घेनारा मानूस हाय. मनाला लावून घ्यायचं न्हाई."

पोलीस खात्यातून ते हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले होते आणि गल्ली त्यांना जमादारच म्हणायची. शक घेणं हा त्यांचा स्वभाव होता की नोकरीनं लावलेली सवय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दूधवाल्याला ते आधी स्वतःच्या दुधातलं घोटभर प्यायला लावायचे. साबणाच्या वडीवर खिळ्यानं खूण करून ठेवायचे. अंगणातल्या हापशाच्या दांड्याला साखळी आणि कुलूप होतं, आणि किल्ली त्यांच्या जानव्याच्या जागी, म्हणजे गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. संध्याकाळी कुलूप निघायचं. आम्हा दोन्ही भाडेकरूंना दोन-दोन घागरी मिळायच्या. त्यांच्या स्वतःच्या घागरींच्या गळ्याला पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढलेला होता, म्हणजे कुणाची घागर कुठं गेली हे लांबून दिसावं.

दोन महिन्यांत मलाही त्यांची लागण झाली. आम्ही भाडेकरू कामावर गेलो की हा माणूस स्वतःसाठी जादा घागरी उपसत असेल, असं मला वाटायचं. मी सुट्टीच्या दिवशी दाराआड उभं राहून हापशाचा आवाज मोजला आहे. काही सापडलं नाही, पण संशय गेला नाही.

त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. एकदा पायरीवर बसून पान लावता लावता ते सहज बोलून गेले, "नोकरीत लई गावं फिरलो. औशाला, शिरूरला, कुठंबी जा, घरमालक आधी आडनाव इचारायचा. आडनाव सांगितलं की म्हनायचा, खोली तर कालच गेली. म्हनून आपन आडनाव इचारत न्हाई. पानी इचारतो." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मी गावी आईला पत्र लिहिताना घरमालकाचं आडनाव लिहिलं नव्हतं. 'निवृत्त पोलीस आहेत, माणूस भला आहे,' एवढंच कळवलं होतं. ही गोष्ट आठवली की आजही मला स्वतःची लाज वाटते.

आता झाडांकडं येतो, कारण जमादार झाडांशिवाय सांगता येत नाहीत. गच्चीवर वनस्पती तुपाचे बारा रिकामे डबे होते आणि बारा डब्यांत बारा टोमॅटो. मिरची, वांगी, एखादं लिंबू हेही असायचं, पण जीव टोमॅटोवर. झाडाचं पान जरी गळालं तरी पंचनामा व्हायचा. ही थट्टा नव्हे. खरोखरीचा पंचनामा, जाड कागदाच्या वहीत, 'आम्ही खालील पंच समक्ष हजर राहून' या शब्दांनी सुरू होणारा. पहिला पंच मी, दुसरा पंच शेजारच्या खोलीतला बँकेचा शिपाई. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडं. गळालेलं पान वहीत खळीनं चिकटवायचं, खाली दोघांच्या सह्या. जमादार प्रत्येक शब्द वाचून मगच सही ठोकायचे.

"साहेब, पान पिकलं की गळतंच," शिपाई एकदा म्हणाला.

"तू कुठं होतास ते गळताना?" जमादारांनी विचारलं. शिपायानं पुन्हा कधी मत दिलं नाही.

पण या वेडात एक शिस्त होती. झाडाला काही झालं की लोक दुकानात पळतात आणि मिळेल ती पुडी ओततात, याचा त्यांना मनापासून राग होता. समोरच्या घरातल्या शिक्षिका बाई एकदा कुंडीतल्या लिंबाचं पिवळं पान घेऊन आल्या.

"हे खालचं पान हाय का वरचं?" जमादारांनी विचारलं.

"पान म्हणजे पान. पिवळं पडलंय."

"जबाब अपुरा हाय बाई. जाऊन बगून या."

बाई चडफडत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, की खालची, जुनी पानंच तशी झालीत, शेंडा हिरवागार आहे. जमादारांनी पान उजेडात धरलं. शिरा हिरव्या होत्या आणि मधला भाग पिवळा. "म्याग्नेशियम," ते म्हणाले. "कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. म्हनून जुनं पान आधी बोलतं. चुलीची राख घालता?"

"रोज घालते. खत म्हणून."

"मंग तुमीच आरोपी. राख लई झाली की म्याग्नेशियम मुळापाशी अडतं. राख बंद करा. वैद्याकडं जुलाबाचं मीठ मिळतं, त्याचा एक चमचा तांब्याभर पान्यात इरघळून घाला. पंधरा दिवसांनी अजून एकदा. नवी पानं नीट आली की बंद. बरं झाल्यावर दवाखान्यात बसायचं न्हाई."

लिंबू सुधारलं. बाईंनी पेढे आणले. जमादारांनी पेढ्याचा वास घेतला आणि आधी मला एक खायला दिला.

चुन्याचं त्यांचं म्हणणं वेगळं होतं. कॅल्शियम कमी असलं तर जुनं पान गप्प बसतं आणि नवं बोलतं. शेंड्याचं कोवळं पान वाकडं येतं, त्याची कड करपते. एका पावसाळ्यात त्यांनी नदीची वाळू आणि पालापाचोळा भरून मिरची लावली होती आणि तिला नुसतं पन्हाळीचं पाणी दिलं होतं. पन्हाळीच्या पाण्यात काही नसतं आणि वाळूतही नसतं, तेव्हा त्यांनी चुन्याची निवळी पातळ करून घातली होती. पण आपली काळी माती आणि बोअरचं पाणी असलं तर झाडाला वरून चुना देणं म्हणजे सरकारी पैशानं सरकारचीच भिंत रंगवणं, असं ते म्हणायचे. पाणी तापवायच्या बंबात बोटभर पांढरा थर बसतो तो कशाचा, हा त्यांचा सवाल. आणि निवळी आणि ते जुलाबाचं मीठ ही दोन्ही एका भांड्यात कधी कालवायची नाहीत. "तळाशी पांढरा साका बसतो, दोघंबी कामातून जातात. दोन आरोपी एका कोठडीत ठेवायचे नसतात. जबाब एक करतात."

हे सगळं त्यांना शिकवलं एका माळ्यानं. कुठल्याशा गावी सरकारी रोपवाटिकेतून पेरू चोरीला जायचे आणि जमादारांचा शक माळ्यावर गेला. "दोन थापडा हानल्या मी त्याला," ते सांगत होते. नजर पायरीवर होती. "चोर दुसराच निघाला. आमच्याच चौकीतला. मंग माफी मागायला गेलो तर तो म्हनला, जमादारसाहेब, झाडाचं पान बगून मी दवा देतो, तुमी मानसाचं पानबी न बगता दिली. त्याच्यापाशी मी सहा महिने शिकलो. तवापासून शक घ्यायचा, पन बगितल्याबिगर इल्जाम लावायचा न्हाई."

संक्रांतीनंतर बायको तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. जमादार दारात उभे राहून टांग्यातून उतरणारं सामान बघत होते. पाळणा उतरला तेव्हा ते माझ्याकडं वळले. "सध्या संपलं वाटतं," एवढंच म्हणाले आणि आत गेले. दोन दिवस मला वाटत होतं, आता खोली सोडायला सांगतील. त्यांनी सांगितलं नाही, पण घागरीही दोनच राहिल्या. नियम म्हणजे नियम. ऊन तापायला लागलं तेव्हाही त्याच दोन घागरींत स्वयंपाक, प्यायचं पाणी आणि बाळाचे लंगोट बसवायचे होते. ते बसत नव्हते. मुलीच्या मांड्यांना लाल चट्टे उठले आणि बायको रडायला लागली.

त्याच सुमाराला जमादार गच्चीच्या जिन्यावरून घसरले. गुडघा सुजला. टोमॅटोंना सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी घालायचं काम त्यांच्या बायकोकडं, म्हणजे मावशींकडं आलं. मावशी फार बोलायच्या नाहीत. नवऱ्याच्या चौकशीला उत्तर देणं त्यांनी कधीच सोडून दिलं असावं.

आठ-दहा दिवसांनी मी कचेरीतून लवकर आलो, तर आमच्या खोलीत पडद्यामागं तिसरी घागर. गळ्याला पांढरा पट्टा.

"ही कुठली?" मी विचारलं.

"मावशींनी दिली," बायको खालच्या आवाजात म्हणाली. "रोज देतात, दुपारी ते झोपले की. झाडांच्या वाटणीच्या दोनांतली एक आहे. कुणाला सांगू नको म्हणाल्या."

मी घागर पुन्हा पडद्यामागं सरकवली. मुलीचे चट्टे गेलेले मला दिसत होते. मी कुणाला सांगणार नव्हतो.

पहिला टोमॅटो मावशींनी खाली आणला तेव्हा जमादार खाटेवर होते. वरून लालसर आणि बुडाला रुपयाएवढा काळा, दबलेला डाग. मग दुसरा, मग तिसरा. जमादारांनी तिन्ही ओळीनं मांडले आणि बँकेच्या शिपायाला बोलावलं. "साबनाचं पानी गच्चीवर कोन फेकतं?" शिपायानं शपथ घेतली. मग माझ्यावर नजर आली. "तुमी तर वर गेला न्हवता?"

"नाही," मी म्हणालो. हे खरं होतं. बुड काळं पडलेला टोमॅटो म्हणजे कॅल्शियमची तूट, हे मी कचेरीतल्या एका कृषी खात्याच्या माणसाकडून ऐकलं होतं. मी ते उचललं. "जमादारसाहेब, हे चुन्याचं काम आहे. चुना कमी पडला की बुडं अशीच काळी पडतात. मी निवळी करून घालतो, तुम्ही उठू नका."

"तुमाला कवापासून झाडांची काळजी लागली?" ते म्हणाले.

मी कामाला लागलो. चुना भिजवला, वरचं निवळ पाणी काढलं आणि बारा डब्यांत घातलं. दुकानातून कॅल्शियमची एक पुडीही आणली आणि तीही घातली. मला झाडं वाचवायची नव्हती. मला सगळ्यांची नजर चुन्यावर ठेवायची होती. चुना दोषी ठरला की पाण्याकडं कुणी बघणार नव्हतं, आणि पाण्याकडं कुणी बघितलं नाही तर मावशी, आम्ही आणि खोली, तिन्ही वाचणार होते.

पुढच्या आठवड्यात अजून पाच टोमॅटो काळे निघाले. जमादारांनी मावशींना प्रत्येक झाडाचं एक जुनं आणि एक नवं पान आणायला सांगितलं. चोवीस पानं चादरीवर मांडली. एक-एक उचलून उजेडात धरलं. जुनी हिरवी होती. नवी सरळ होती, कड करपलेली नव्हती.

"झाडाला चुना कमी न्हाई," ते हळूच म्हणाले. "मातीत हाय, पान्यात हाय, कारकुनांनी वरून घातलाय. पन फळापतोर चढंना. चुना आपल्या पायानं चढत न्हाई. पान्यासंगं चढतो. एक दिवस पानी, एक दिवस दुष्काळ, असं झालं की पानं आपलं भागवून घेतात आनि फळ उपाशी ऱ्हातं." त्यांनी मान वर केली. "पानी तर रोज घालते ना तू?"

"घालते की," मावशी म्हणाल्या.

जमादार उठले. आम्ही धरायला गेलो तर हात झटकला. जिन्यावर उभं राहता येईना, तेव्हा ते पहिल्या पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या मागं सरकत, हातांवर जोर देत, एकेक पायरी चढायला लागले. मी आणि शिपाई मागून. उन्हानं पायऱ्या तापल्या होत्या. वर पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

गच्चीवर त्यांनी पहिल्या डब्यात बोट घातलं. माती आकसून पत्र्यापासून सुटली होती, फटीत बोट सरळ खाली गेलं. दुसऱ्यातही तसंच. वर मात्र माझ्या निवळीचा पांढरा पापुद्रा बसला होता. त्यांनी तो नखानं उचलला, बघितला आणि टाकून दिला. मग कठड्याला धरून उभे राहिले आणि त्यांची नजर खाली आमच्या मागच्या अंगणाकडं गेली.

तिथं दोरी होती. दोरीवर सकाळी धुतलेले लंगोट आणि दुपटी वाळत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, स्वच्छ, पांढरी. दोन घागरींत स्वयंपाक करून एवढे कपडे धुता येत नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. मी त्यांच्या मागं उभा राहून तेच मोजत होतो.

खाली आल्यावर त्यांनी वही मागवली. मी पाटावर बसलो, पेन उघडलं. त्यांनी सांगितलं ते लिहिलं: बारा झाडं, आठ फळं खराब, बुडाला काळे डाग, पानं निर्दोष. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. आमच्या खोलीतून मुलीचा आवाज येत होता.

"कारण?" मी विचारलं.

जमादार खाटेवर टेकले होते. "तुमीच सांगा. पंच तुमी हायत, वर आलता, बगितलंत. काय लिवायचं कारण?"

शिपाई माझ्याकडं बघायला लागला. एक वाक्य बोलायचं होतं. बाळाला पाणी लागत होतं, मावशींनी दिलं, मला माहीत होतं, मी लपवलं. एवढंच. जमादारांच्या आवाजात राग नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण 'खोली कालच गेली' म्हणणारी दारं माझ्या डोळ्यांसमोर आली. कडेवर मूल घेऊन उन्हात फिरणारी बायको समोर आली.

"चुना कमी पडला," मी म्हणालो.

"बगा बरं. तुमच्या अक्षरात ऱ्हाईल ते."

"चुनाच."

"लिवा मंग."

मी लिहिलं. सही केली. शिपायानं सही केली. जमादारांनी वही घेतली आणि न वाचता सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाला वर पाठवून सहा झाडं उपटवली. जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात मावशींना म्हणाले, "उरल्यात त्या सहांना एक घागर बास झाली. दुसरीचं काय करायचं ते तुझं तू बग." त्या दिवसापासून पांढऱ्या पट्ट्याची घागर भर दिवसा, अंगणातून, सगळ्यांच्या देखत आमच्याकडं यायला लागली. उरलेल्या सहा झाडांची बुडं नंतर काळी पडली नाहीत. मुलगी त्याच घरात चालायला शिकली. जमादार तिला मांडीवर घेऊन टोमॅटो चोखायला द्यायचे, आधी स्वतः चाखून.

आम्ही तिथं अजून तीन वर्षं राहिलो. त्यांनी भाडं वाढवलं नाही. मी उशिरा आलो तर कुठं होता म्हणून विचारलं नाही, माझ्या पिशवीकडं वळून पाहिलं नाही, पाहुणे किती आले ते मोजलं नाही. दूधवाला, शिपाई, समोरच्या बाई, सगळ्यांवर शक चालू होता. माझ्यावरचा तेवढा बंद झाला. पानं गळतच होती आणि पंचनामेही होत होते. माझ्या जागी समोरच्या बाई यायच्या. त्यांचं अक्षर वाईट होतं. मी अनेकदा मुद्दाम दारात उभा राहिलो आहे, खिशाला पेन लावून.

"तुमची सुटका झाली बगा," शिपाई एकदा मला म्हणाला. "जमादारांचा तुमच्यावर लई भरवसा बसलाय. आमाला अजून पळवतात."

मी हो म्हणालो आणि आत गेलो.